कण लहान, प्रश्न मोठा : शेणखतापासून नॅनो युरियापर्यंत



रेडिओवर सांगितलेलं ऐकायला बरं वाटतं, पण आकडे हवेत विरून जातात. म्हणून हा विषय कागदावर देत आहोत. पत्रिका वाचून झाली की खुंटीला अडकवून ठेवा, पेरणीच्या वेळी पुन्हा काढा.

विषय आहे नॅनो खतांचा. ‘अर्धा लिटरची बाटली म्हणजे एक पोतं युरिया, हे खरं का?’ असं तुम्ही विचारता. याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येईल, पण त्यानं तुमचं भलं होणार नाही. उद्या दुसरी बाटली येईल, परवा तिसरी. तेव्हा खताचा इतिहासच थोडक्यात पाहू. त्यात या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि पुढच्या प्रश्नाचंही.

सत्त्व वाया जाऊ नये

आपल्याकडे हा विचार जुनाच आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा कुजून त्याचं सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर खाली येतं, ते ओढ्या-नाल्यांतून वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घाला, असं त्यांनी त्यात मांडलं आहे. त्यानंतर दहा वर्षांनी, १८९३ साली, डॉ. व्होएल्कर या इंग्रज रसायनतज्ज्ञाचा हिंदुस्थानच्या शेतीवरचा अहवाल निघाला. इथला शेतकरी अडाणी नाही, पण जळणासाठी लाकूड मिळत नाही म्हणून त्याला शेण जाळावं लागतं आणि जमीन उपाशी राहते, असं त्यांनी लिहिलं.

म्हणजे खत किती घातलं एवढाच प्रश्न कधीच नव्हता. घातलेल्यापैकी पिकाच्या तोंडी किती गेलं आणि वाटेत किती सांडलं, हा खरा प्रश्न. पुढची सगळी गोष्ट याच सांडलवंडीची आहे.

इंग्लंडमधली एक उपाशी पट्टी

आता थोडं लांब जाऊ. इंग्लंडात रोथॅमस्टेड नावाच्या ठिकाणी लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी १८४३ साली एका शेतात गव्हाचा प्रयोग सुरू केला. शेताच्या पट्ट्या पाडल्या. एकीला शेणखत, बाकीच्यांना निरनिराळी रासायनिक खतं, आणि एका पट्टीला काहीच नाही. प्रयोग आजही चालू आहे, आणि ती पट्टी पावणेदोनशेहून अधिक वर्षं उपाशीच आहे.

तुम्ही म्हणाल, उपाशी पट्टीचा काय उपयोग? बाबांनो, सगळा उपयोग तिचाच. खत घातलं आणि पीक चांगलं आलं, तर ते खतानं आलं की पावसानं, हे कसं कळणार? शेजारी बिनखताची पट्टी असेल तरच कळेल. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी आपल्याला तिच्याकडे यायचं आहे.

हवेतलं नत्र पोत्यात आलं

नत्र हवेत भरपूर आहे. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रच. पण पिकाला ते तसं घेता येत नाही. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू ते धरतात, बाकीच्या पिकांना जमिनीतूनच मिळावं लागतं. एकोणिसाव्या शतकात युरोपनं पेरूच्या बेटांवरची पक्ष्यांची विष्ठा आणि चिलीचा सोरा जहाजं भरभरून नेला. तो किती वर्षं पुरणार, ही चिंता लागलीच.

जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभा केला, तो ओप्पाऊ इथं १९१३ साली चालू झाला. युरिया त्याआधीच, १८२८ साली, वोलर यांनी प्रयोगशाळेत बनवला होता. पण शेतापुरता युरिया करायचा तर अमोनिया ढिगानं लागतो, तो आता मिळू लागला.

आपल्या देशात सिंद्रीचा कारखाना १९५१ साली सुरू झाला, तिथं अमोनियम सल्फेट व्हायचं. १९६० च्या दशकात मुंबईजवळ तुर्भ्याला खत कारखाना आला, पुढं अलिबागजवळ थळला. त्याच सुमारास, १९६४ साली, सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि तिच्या पाठोपाठ पांढरं दाणेदार खत गावोगाव पोचलं. तमिळनाडूत तंजावरकडं एडीटी-२७ या भाताचा प्रचार रेडिओवरून इतका झाला की लोक त्याला ‘रेडिओ भात’च म्हणू लागले! तेव्हा रेडिओचाही यात वाटा आहे, आणि म्हणून जबाबदारीही आहे.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. आजचं पोतं ४५ किलोचं, म्हणजे त्यात २०.७ किलो नत्र. हा आकडा लिहून ठेवा, पुढं लागेल.

पण सांडलं किती?

युरिया ओल्या जमिनीवर पडला की त्याचा अमोनिया होतो. दाणे वरच राहिले तर तो हवेत उडतो. कधी कधी त्याचा वासही येतो. जोराचा पाऊस किंवा पाटाचं पाणी आलं तर उरलेलं नत्र नायट्रेट होऊन खाली झिरपतं, विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं अशी आपल्या देशाची मर्यादा आहे, कारण ते तान्ह्या बाळांना बाधतं. पाणी साचलेल्या जमिनीत आणखी एक वायू तयार होतो, नायट्रस ऑक्साइड. हवा तापवण्यात तो कार्बन वायूपेक्षा सुमारे २७३ पट भारी.

भाताच्या खाचरात फोकलेल्या युरियातलं साधारण ३० ते ४० टक्केच नत्र पिकाला मिळतं. म्हणजे तीन पोती टाकली तर पिकाच्या वाट्याला एक किंवा थोडं जास्त. बाकीचं हवेला, पाण्याला आणि शेजाऱ्याच्या बांधाला.

पहिला उपाय : दाणा मोठा करा

यावर पहिली तोड निघाली ती नॅनोच्या अगदी उलट! दाणा लहान नाही, मोठा करायचा. युरियाची मोठी गोळी करून ती चिखलात खोल खोचायची. खोल चिखलात अमोनिया हवेला लागत नाही, मातीला धरून राहतो आणि मुळांना हळूहळू मिळतो. बांगलादेशात या गोळीला ‘गुटी युरिया’ म्हणतात. तिथं लाखो शेतकऱ्यांनी ती वापरली आणि युरिया सुमारे एक तृतीयांश कमी लागून भात उलट जास्त झाला.

आपल्या कोकणात आणि मावळात हीच गोष्ट चारसूत्री भातशेती म्हणून आली. आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी ती रुजवली. चार सूत्रं अशी : तुसाची राख किंवा पेंढा शेतात घालणं, गिरिपुष्पाचा हिरवा पाला गाडणं, दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर आलटून पालटून नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचणं. हेक्टरी साधारण १७० किलो गोळ्या पुरतात.

यात कष्ट आहेत, कंबर मोडते हे खरं. पण हिशेब चोख आहे. नत्र मोजून घातलं, झाकून घातलं, आणि त्याबरोबर राख-पाल्यानं जमिनीलाही खायला दिलं.

दुसरा उपाय : दाण्याला कडू अंगरखा

दुसरी तोड निंबोळीची. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच निंबोळी पेंडीत घोळलेल्या युरियावर काम झालं. कडुनिंबामुळं अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा वेग मंदावतो, म्हणून नत्र झिरपून जायला वेळ लागतो. ही साधी युक्ती गोदामापर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागली. २०१५ साली सरकारनं देशात तयार होणारा सगळा अनुदानित युरिया निंबोळी तेलाचं आवरण देऊनच विकावा असं ठरवलं. २०१८ साली पोतं ५० किलोवरून ४५ किलोचं झालं.

तिसरा उपाय : कण बारीक करा

आता नॅनोकडं येऊ. एक मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. साधारण १ ते १०० नॅनोमीटरचा कण असेल तर त्याला नॅनो म्हणतात. अमेरिकेत रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ साली एका भाषणात अणूअणू रचून वस्तू बनवण्याची कल्पना मांडली. ‘नॅनो तंत्रज्ञान’ हा शब्द जपानचे नोरिओ तानिगुची यांनी १९७४ साली वापरला. अणू वेगळा दाखवणारा सूक्ष्मदर्शक १९८१ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाला, आणि मग या विद्येला डोळे आले.

बारीक कणाचा फायदा काय? गुळाची ढेप पाण्यात टाका आणि तेवढाच किसलेला गूळ टाका. किसलेला आधी विरघळेल, कारण त्याला पाणी लागायला पृष्ठभाग जास्त. द्राक्षबागायतदारांना हे नवं नाही. गंधकाची भरड भुकटी आणि पाण्यात मिसळणारं बारीक गंधक यांतला फरक त्यांना ठाऊक आहे. कण बारीक तितका तो पानावर सारखा पसरतो आणि चिकटतो. म्हणजे जी वस्तू पाण्यात विरघळत नाही, उदाहरणार्थ गंधक किंवा जस्ताचं ऑक्साइड, तिच्यात बारीकपणाला मोल आहे. औषधाला किंवा खताला बारीक आवरण देऊन ते हळूहळू सुटेल असं करणं, हाही या विद्येचा चांगला उपयोग. यावर आपल्या देशात कृषी विद्यापीठांतून काम चालू आहे. अशा मालाची सुरक्षितता कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारनं २०२० साली काढली.

मग युरियाचं काय? गुजरातमध्ये कलोल इथं इफको या सहकारी संस्थेच्या संशोधन केंद्रात नॅनो युरिया द्रवरूपात तयार झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचा समावेश खत नियंत्रण आदेशात झाला आणि ३१ मे २०२१ रोजी तो जाहीर झाला. अर्धा लिटरची बाटली, सुरुवातीची किंमत २४० रुपये, सरकारी अनुदान नाही. कलोलच्या कारखान्याचं उद्घाटन २८ मे २०२२ ला झालं. २०२३ साली नॅनो डीएपी आला, २०२४ साली जास्त नत्राचा नॅनो युरिया मंजूर झाला.

बनवणाऱ्यांचं म्हणणं असं : कण इतके बारीक की पानाच्या छिद्रांतून थेट आत जातात, सांडलवंड होत नाही, आणि वरखताच्या एका पोत्याचं काम एक बाटली करते. ९४ पिकांवर आणि ११ हजार शेतांवर चाचण्या घेतल्या, सरासरी ८ टक्के उत्पन्न वाढलं, असं त्यांनी जाहीर केलं.

आता वही-पेन्सिल घ्या

पहिल्या नॅनो युरियात ४ टक्के नत्र. अर्धा लिटरला २० ग्रॅम. पोत्यात २०.७ किलो. म्हणजे पोत्यात हजारपट जास्त. जास्त नत्राची नवी बाटली धरली तरी नत्र शे-सव्वाशे ग्रॅमच्या वर जात नाही.

आता गव्हाचं पाहू. एक क्विंटल गव्हाच्या दाण्यात साधारण २ किलो नत्र असतं. तेव्हा २० ग्रॅम नत्र पानातून शंभर टक्के आत गेलं, एक थेंब सांडला नाही, असं धरलं तरी ते एक किलो गव्हाच्या दाण्यांपुरतं झालं. पोत्यातलं दोन तृतीयांश नत्र वाया गेलं तरी सुमारे ७ किलो उरतं. ही तफावत बारीकपणानं कशी भरून निघणार, हा शास्त्रज्ञांचा पहिला आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप असा. युरिया पाण्यात पुरता विरघळतो, आणि विरघळलेल्या युरियाचा रेणू एका नॅनोमीटरपेक्षाही लहान असतो. तुम्ही १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम साधा युरिया घालून जो २ टक्क्यांचा फवारा पूर्वीपासून मारता, तोही पानातून आत जातोच. एकरी २०० लिटर फवाऱ्यात ४ किलो युरिया जातो, म्हणजे १.८४ किलो नत्र. खर्च पंचवीस रुपयांच्या आत.

कोपनहेगन विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी २०२३ साली अशाच हरकती छापून मांडल्या. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं दोन वर्षं भात आणि गव्हावर प्रयोग केले. वरखताचा युरिया कमी करून त्याजागी नॅनोची फवारणी केली, तेव्हा शिफारशीच्या पूर्ण नत्राच्या मानानं भात सुमारे १३ टक्के आणि गहू सुमारे एक पंचमांश कमी आला. दाण्यातलं नत्रही घटलं, म्हणजे प्रथिनं घटली. दुसरीकडं, नॅनोच्या बाजूचे निकाल दाखवणाऱ्याही चाचण्या आहेत.

असं का होतं? जमीन जुन्या खतानं आणि शेणखतानं भरलेली असेल तर एक-दोन वर्षं वरखत चुकलं तरी पीक उभं राहतं. श्रेय बाटलीला जातं. तिसऱ्या वर्षी जमिनीची थैली रिकामी होते आणि मग कळतं. म्हणून तर रोथॅमस्टेडची उपाशी पट्टी महत्त्वाची!

तुमची पट्टी तुम्हीच पाडा

आमचं सांगणं एवढंच. बाटलीला शिव्याही घालू नका आणि तिची पूजाही करू नका. तिची परीक्षा घ्या. एकाच शेतात, एकाच वाणात, एक-एक गुंठ्याच्या, म्हणजे ३३ फूट लांब-रुंद, चार चौकटी आखा. खुंट्या ठोका.

१. पहिल्या चौकटीत नेहमीचं पेरणीचं खत आणि नेहमीचं युरियाचं वरखत.

२. दुसरीत पेरणीचं खत तेच. वरखत नाही, त्याऐवजी नॅनो युरियाच्या दोन फवारण्या.

३. तिसरीत पेरणीचं खत तेच. वरखत नाही, नॅनो नाही, नुसत्या पाण्याच्या दोन फवारण्या.

४. चौथीत पेरणीचं खत तेच आणि साध्या युरियाच्या २ टक्क्यांच्या दोन फवारण्या.

तिसरी चौकट कुणीच पाडत नाही, आणि तिथंच सगळे फसतात. दुसरी आणि तिसरी सारखीच आली तर समजा, बाटलीनं काही केलं नाही, जमिनीनं केलं. दुसरी पहिलीच्या बरोबरीला आली आणि तिसरी मागं पडली, तर बाटलीनं काम केलं. काढणीच्या वेळी कडेच्या ओळी सोडून प्रत्येक चौकटीत सारखीच जागा कापा, वेगवेगळी मळा, वजन करा. डोळ्यांनी ठरवू नका. पानाचा हिरवेपणा डोळ्यांना फसवतो, तराजू फसवत नाही. आणि हे निदान दोन हंगाम करा.

प्रयोग बिघडला तर नुकसान दोन-तीन गुंठ्यांचं. सगळं वरखत एकदम बंद केलं आणि बिघडलं, तर नुकसान वर्षभराच्या भाकरीचं.

फवारायचंच असेल तर

• पेरणीच्या वेळचं नत्र, मग ते युरियातून असो की डीएपी-मिश्रखतातून, मुळीच कमी करू नका. बनवणारेही तसंच सांगतात.

• बाटली चांगली हलवून घ्या. लिटरला २ ते ४ मिलि प्रमाण. पहिली फवारणी फुटवे किंवा फांद्या फुटताना, दुसरी त्यानंतर २० ते २५ दिवसांनी, फुलोऱ्याच्या आधी.

• सकाळी किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना, पानं सगळीकडून ओली होतील अशी फवारणी करा. बारा तासांत पाऊस आला तर ती पुन्हा करावी लागते.

• तोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेतच. कण बारीक असले की श्वासातून आत जाणंही सोपं असतं.

• पोत्याबरोबर बाटली घेतलीच पाहिजे अशी सक्ती कुणी केली, म्हणजे ज्याला आपण लिंकिंग म्हणतो, तर पक्की पावती मागा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या.

आणि जे आजच करता येईल

सांडलवंड थांबवायला बाटलीची वाट पाहायला नको. माती परीक्षण करून घ्या. युरिया एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्या. वाफसा असताना द्या आणि कोळप्यानं मातीआड करा. भातात जमेल तिथं गोळी खोचा. फेरपालटात तूर, मूग, हरभरा ठेवा. शेणखत उकिरड्यावर उन्हात वाळू देऊ नका, खड्डा झाका. यातला एकही उपाय नवा नाही, पण फुल्यांनी सांगितलेल्या ताली-बंधाऱ्यांसारखे ते सगळे एकाच कामाचे आहेत : आलेलं सत्त्व शेताबाहेर जाऊ द्यायचं नाही.

दाणा मोठा झाला, त्यावर कडू आवरण आलं, मग कण बारीक झाला. उद्या आणखी काही येईल आणि त्यातलं काही खरंच कामाचं निघेल. प्रत्येक वेळी दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा : यात नत्र किती ग्रॅम? आणि बिनखताच्या पट्टीशी ताडून पाहिलं का? उत्तर मिळालं नाही, तर तुमच्या शेतात चार गुंठे जागा आहेच.

काढणीनंतर चारही चौकटींची वजनं एका पोस्टकार्डावर लिहून आम्हाला कळवा. आकडे बाटलीच्या बाजूचे असोत की विरुद्ध, कार्यक्रमात वाचून दाखवू.